चिकटपट्टीखालचे अक्षर

‘रविवारी नवा ड्रायव्हर बघायला जायचे आहे,’ असे मी स्टाफरूममध्ये म्हणालो तेव्हा अर्थशास्त्राच्या सहकाऱ्यांनी मोठ्या आस्थेने विचारले, ‘गाडी कधी घेतलीत?’ गाडी मी घेतलेली नाही. गोल्फमधल्या सर्वांत लांब काठीला ड्रायव्हर म्हणतात, हे सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ कमी होण्याऐवजी वाढला. मराठीचा प्राध्यापक आणि गोल्फ! खुलासा करायला हवा होता, पण तास सुरू होण्याची घंटा झाली आणि मी ती संधी साधून उठलो. तो राहिलेला खुलासा येथे करतो आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, एका गोल्फ क्लबात चाळीस वर्षे कॅडी होते. बाराव्या वर्षी ते ‘आगेवाला’ म्हणून लागले. फटका मारणाऱ्याच्या दोन-अडीचशे पावले पुढे उन्हात उभे राहायचे, चेंडू कोठे पडला ते पाहायचे आणि गवतातून, झुडपातून, ओढ्यातून तो शोधून काढायचा, हे आगेवाल्याचे काम. पुढे खांद्यावर पिशवी आली. पिशवीबरोबर अधिकारही आला, कारण साहेब लोक विचारू लागले, ‘इथून कोणती घेऊ?’ आबा सांगत आणि बहुतेक साहेब ऐकत. स्वतःची काठी मात्र त्यांच्याजवळ कधी नव्हती. सोमवारी मैदान बंद असे. त्या दिवशी कॅडींना खेळायला मिळे, तेही कुणीतरी टाकून दिलेल्या काठीने.

शाळेच्या अर्जापासून एम.ए.च्या प्रवेशअर्जापर्यंत ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘खाजगी नोकरी’ असे लिहीत आलो. ते अगदी खोटे नव्हते. पण कॅडीला महिन्याचा पगार नसतो, फेरीमागे पैसे मिळतात. पावसात फेरी झाली नाही तर तेही नाहीत. म्हणजे ते खरेही नव्हते. माझ्या वर्गातल्या कुणालाच कॅडी म्हणजे काय हे ठाऊक नसल्यामुळे लिहिण्यात धोका काहीच नव्हता. तरी मी लिहिले नाही.

खेळ मी शिकलो तो वस्तीच्या बोळात. बांधकामावरून आणलेली लोखंडी सळई लोहाराकडे तापवून तिचे टोक वाकवायचे आणि ठोकून चपटे करायचे, दुसऱ्या टोकाला सायकलच्या ट्यूबचे रबर गुंडाळायचे, की काठी तयार. चेंडू प्लास्टिकचा. चेंबूरच्या वस्त्यांमधल्या अशाच खेळाची छायाचित्रे पुढे देशोदेशी छापून आली. आमच्या बोळात छायाचित्रकार कधी आला नाही, पण सळई तीच होती. दहावीनंतर मी ती माळ्यावर टाकली. धाकट्या भावाने टाकली नाही. आज तो शहराबाहेरच्या एका सरावाच्या मैदानावर मुलांना गोल्फ शिकवतो. त्याचाच फोन होता. नव्या ड्रायव्हरचे एक डोके आणि पाच वेगवेगळे दांडे पारखण्यासाठी त्याच्याकडे आले होते. शिकाऊ लोकांसाठी त्यांतला एकच ठेवून घ्यायचा होता.

‘दादा, माझ्या हाताला आता सगळंच बसतं,’ तो म्हणाला. ‘मला तुझ्यासारखा साधा हात पाहिजे. आबापण येतो म्हणतायत.’

मी गेलो, कारण आबा येणार होते. आणि खरे सांगायचे तर, तीस वर्षांनंतर आपल्या हातात काय उरले आहे, हे मलाही पाहायचे होते.

येथे दांड्याविषयी थोडे सांगणे भाग आहे. खेळाडू त्याला शाफ्ट म्हणतात. काठी विकली जाते ती डोक्याच्या जोरावर. चकाकते तेच, जाहिरातीत दिसते तेच. दांडा मध्येच असतो, हात आणि डोके यांना जोडणारा. पण या खेळाचा इतिहास पुष्कळसा दांड्याचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात हिकरी या अमेरिकी झाडाचे लाकूड दांड्यांसाठी रूढ झाले. ते चिवट होते, पण फटक्याच्या वेगात पिळले जाई, आणि त्या पिळाचा अंदाज खेळाडूला मनगटात बाळगावा लागे. शिवाय झाडाचे लाकूड असल्यामुळे एक दांडा दुसऱ्यासारखा नसे. मग पोलादी नळीचा दांडा आला. अमेरिकेतील गोल्फ संघटनेने त्याला १९२४ मध्ये मान्यता दिली. सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबाने ती द्यायला १९२९ साल उजाडू दिले. पोलादाने दांड्यांत एकसारखेपणा आणला. १९७०च्या सुमारास कार्बनच्या धाग्यांचा, म्हणजे ग्रॅफाइटचा दांडा आला. त्याने वजन पोलादाच्या निम्म्यावर आणले, आणि कोठे ताठ ठेवायचे व कोठे लवू द्यायचे हे कारखान्यातच ठरवता येऊ लागले. आबांना आठवते ती ‘काळी काठी’ हीच. ती प्रथम एका साहेबांच्या पिशवीत आली तेव्हा सगळे कॅडी तिला हात लावून गेले होते.

पूर्वी दांडा डोक्यात पक्का चिकटवलेला असे. २००८ मध्ये नियम सैल झाले. आता दांड्याच्या टोकाला एक बोंडले असते, तळातून एक स्क्रू असतो, आणि छोट्या पान्याने चार वेढे दिले की तेच डोके दुसऱ्या दांड्यावर बसते. डोके तेच आणि दांडा निराळा, ही तुलना त्यामुळे अर्ध्या मिनिटाची गोष्ट झाली आहे. मला त्या क्षणी वृत्ते शिकवण्याचा तास आठवला. एकच मजकूर निराळ्या वृत्तात बसवून दाखवला की मुलांना वृत्त म्हणजे काय हे कळते. तो शब्दांना चढवलेला अंगरखा नसून त्यांची चाल आहे, हे त्यांच्या लक्षात येते.

दांड्याच्या लवचीकपणाला अक्षरे दिलेली असतात. एल, ए, आर, एस, एक्स. एल स्त्रियांसाठी, ए वयस्करांसाठी, आर सामान्यांसाठी, एस ताठ, एक्स अतिताठ. ही उतरंड वाचली की कोणत्याही पुरुषाला आपण आरच्या पुढचे आहोत असे वाटू लागते. गंमत अशी की या अक्षरांना सर्वमान्य माप नाही. एका कंपनीचा आर दुसरीच्या एसइतका ताठ असू शकतो. दांडा पकडीत धरून, टोक खेचून सोडले की तो मिनिटाला किती वेळा थरथरतो हे मोजता येते, पण विकताना त्यावर छापले जाते ते अक्षरच. आपल्या समीक्षेत ‘सशक्त’, ‘तरल’, ‘दर्जेदार’ ही विशेषणे अशीच चालतात. शिक्का असतो, माप प्रत्येकाचे आपले.

मी मैदानावर पोचलो तेव्हा भावाने पाचही दांड्यांवरच्या अक्षरांवर पांढरी चिकटपट्टी लावून वर एक ते पाच आकडे घातले होते.

‘हे कशाला?’

‘अक्षर वाचलं की हात खोटं बोलतात,’ तो म्हणाला. ‘आणि तू तर वाचणाराच माणूस.’

मला हसू आले. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून टाकून कविता वाचायला दिल्या आणि त्यांची मते तपासली. त्यातून झालेले ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हे पुस्तक १९२९ चे. रॉयल अँड एन्शंटने पोलादाला मान्यता दिली तेच साल. हा निव्वळ योगायोग आहे, हे मला कळते. पण वीस वर्षे तो प्रयोग वर्गात शिकवणाऱ्या माणसावर एका रविवारी सकाळी तोच प्रयोग धाकट्या भावाने करावा, हे काही मी योजले नव्हते.

माझी तयारी मी मनाशी करून आलो होतो. मी सळईवर शिकलेला माणूस. सळई लवत नाही. तेव्हा मला ताठातला ताठ दांडाच बसणार. चिकटपट्टी असो वा नसो, तो मी ओळखणारच.

भावाने प्रत्येक दांड्याला सहा चेंडू ठरवले होते, तीन-तीनच्या दोन फेऱ्यांत. दुसऱ्या फेरीत क्रम बदलायचा, म्हणजे हात तापल्याचा फायदा आणि दमल्याचा तोटा एकाच दांड्याच्या वाट्याला जाणार नाही. माझ्या मागे जमिनीवर रडारचे एक छोटे यंत्र होते. डोक्याचा वेग, चेंडूचा वेग, तो किती अंशांनी उठला, किती फिरत गेला आणि कोठे पडला, हे सारे ते क्षणात पडद्यावर मांडी. आबा माझ्या पाठीमागे पंधरा-वीस पावलांवर बाकावर बसले होते. पडदा त्यांच्याकडे पाठ करून होता. आकडे पाहायची त्यांना गरजही वाटली नाही.

पहिले तीन चेंडू लाजिरवाणे गेले. मग अंग आठवू लागले. खांदा वळतो, काठी वर जाते, तिथे क्षणभर थांबल्यासारखे होते आणि मग कंबर आधी निघते. हे मी कोणत्याही पुस्तकात वाचलेले नव्हते. आबा बोळात उभे राहून नुसते ‘एक... दोन’ म्हणत, एकला वर, दोनला खाली. त्या दोन आकड्यांमधली जागा किती ठेवायची हे त्यांनी कधी सांगितले नाही, आवाजातून दिले. मर्ढेकरांचे लयतत्त्व मी वर्गात शिकवतो. संवाद, विरोध आणि समतोल हे तीन शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहितो. पण लय हा शब्द आधी कोठे ऐकला, असे कुणी विचारले तर उत्तर त्या बोळातले द्यावे लागेल.

दांड्याचे काम नेमके काय, हे भावाने मधल्या वेळात समजावून सांगितले. काठी खाली यायला लागते तेव्हा डोके जड असल्याने मागे रेंगाळते आणि दांडा मागे वाकतो. चेंडूपाशी येईतो तो उलटा, किंचित पुढे वाकलेला असतो. या पुढच्या वाकण्यामुळे चेंडू थोडा अधिक उठतो. माणूस वरून झटका देऊन काठी ओढत असेल तर त्याला ताठ दांडा लागतो, सावकाश वेग वाढवत आणत असेल तर लवणारा. आणि चेंडूचा व डोक्याचा स्पर्श किती वेळाचा? सेकंदाचा सुमारे दोन हजारावा भाग. हाताला कळेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो.

हे ऐकून मी थोडा वेळ गप्प राहिलो. म्हणजे ‘फटका छान लागला’ ही जाणीव फटक्याच्या नंतरची. जे घडून गेले त्याची ती आठवण. शिवाय हातांना जाणवले असे आपण म्हणतो त्यात कानांचा वाटा मोठा असतो, असेही तो म्हणाला. मी मागे वळून आबांकडे पाहिले. त्यांचे डोळे मिटलेले होते. मला वाटले त्यांना डुलकी लागली आहे.

तीस चेंडू संपले. मी घामाघूम झालो होतो आणि माझे मत तयार होते. ‘चार नंबर,’ मी म्हणालो. ‘भरीव वाटतो. तोच एक्स असणार.’

भावाने उत्तर न देता पडदा वळवला. सरासरी अंतरे अशी होती: पहिल्या दांड्याने १८६ यार्ड, दुसऱ्याने १८४, चौथ्याने १८१, तिसऱ्याने १७८, पाचव्याने १७१. सर्वांत लांब गेलेला एकमेव चेंडू तिसऱ्या दांड्याचा, २०३ यार्ड. तो फटका मला आठवत होता. त्यानंतर मी सहज म्हणून आबांकडे पाहिलेही होते. पण त्याच दांड्याचे इतर पाच चेंडू उजवीडावीकडे पन्नास यार्डांच्या पट्ट्यात विखुरले होते. पहिल्याचे पंचेचाळीसच्या. दुसऱ्याचे सहाही बावीस यार्डांच्या आत पडले होते.

येथे एक कबुली द्यायला हवी. दांड्यादांड्यांमधला अंतराचा फरक पाच-पंधरा यार्डांचा होता, आणि एकाच दांड्याने मारलेल्या माझ्या दोन फटक्यांमधला फरक काही वेळा तीस यार्डांचा. म्हणजे यंत्र मोजत होते ते दांड्यांपेक्षा मलाच अधिक. सहा चेंडूंवरून निकाल देऊ नये, हे भावालाही मान्य होते. पण बावीस यार्डांचा तो झुबका डोळ्यांना दिसत होता.

‘आबा, तुमचं काय?’ भावाने विचारले.

आबांनी डोळे उघडले. ‘दुसरी,’ ते म्हणाले. ‘तिचा आवाज दर वेळी एकाच जागी येत होता. पहिली लुळी आहे, चेंडू नुसता वर जाऊन पडला असेल. पाचवी साहेब लोकांची.’

‘पहिलीच सर्वांत लांब गेलीय, आबा. सरासरीनं,’ मी म्हणालो. माझ्या आवाजात थोडा विजय असावा.

‘असेल,’ आबा शांतपणे म्हणाले. ‘लांब गेला तर गेला. शोधायला मला जावं लागायचं.’

या वाक्याला काय उत्तर द्यावे हे मला अजून सुचलेले नाही. मी अंतर पाहत होतो, भाऊ सरासरी पाहत होता, आणि आबा फटका मारणाऱ्याच्या जागी उभेच नव्हते. ते दोनशे पावले पुढे, झुडपापाशी उभे होते. तेथून पाहिले तर चांगला फटका कोणता? जो सापडतो तो. एखाद्या लेखकाच्या सर्वोत्तम ओळीवरून त्याची थोरवी सांगण्याची आम्हा लोकांना सवय असते. ज्याला ते सगळे लेखन शोधत, वेचत, संपादित करत जायचे असते त्याची फूटपट्टी कदाचित निराळी असेल, हे मी एवढ्या वर्षांत कधी लक्षात घेतले नव्हते.

भावाने चिकटपट्ट्या काढल्या. पहिला ए. दुसरा आर. तिसरा एस. पाचवा एक्स. आणि मी ज्याला एक्स म्हणून छातीठोकपणे निवडले होते तो चौथा? तोही आरच, दुसऱ्या कंपनीचा.

‘पण मी सळईवर शिकलो, आबा,’ मी म्हणालो. माझा युक्तिवाद अजून संपला नव्हता. ‘सळई तर या एक्सपेक्षा ताठ. मग मला लवणारी काठी कशी बसते?’

आबांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिले, एवढे शिकलेल्या मुलाला हे कसे कळत नाही अशा नजरेने.

‘सळई कडक होती म्हणून तर तू मऊ मारायला शिकलास. तिला झटका दिला असतास तर मनगट गेलं असतं. ती लवायची नाही, मग तुला लवावं लागलं.’

कुणी काही बोलले नाही. पलीकडच्या पट्ट्यात एक मुलगी चेंडू मारत होती, त्याचे टणत्कार येत राहिले. मी इतकी वर्षे समजत होतो की त्या बोळाने मला ताठ केले. कॉलेजात, मुलाखतींत, चर्चासत्रांत मी त्या ताठपणाचा अभिमान बाळगला आणि तो कोठून आला हे मात्र कुणाला सांगितले नाही. आणि येथे ज्याने तो हात घडवला तो सांगत होता की हाताला झाले ते उलटेच.

भावाने पान्याने डोके काढून घेतले आणि नुसता दुसरा दांडा आबांच्या हातात दिला. ‘मारा की एक,’ मी म्हणालो. ‘पाठ ऐकायची नाही आता,’ ते म्हणाले. पण त्यांनी दांडा उलटा धरला, बारीक टोकाकडून, आणि बसल्या बसल्या हवेत एकदा फिरवला. सूं असा आवाज झाला. त्यांनी मान हलवली आणि दांडा परत केला. साहेबांच्या पिशवीत नवी काठी आली की ते असेच करत असणार. साहेब येण्याआधी.

निघताना भावाने एक कार्ड पुढे केले. पारख झालेल्या प्रत्येकाचे तो एक कार्ड ठेवतो: नाव, वय, डोक्याचा वेग, बसलेला दांडा. मी भरत गेलो. वय सत्तेचाळीस, वेग ताशी चौऱ्याऐंशी मैल, दांडा आर. शेवटचा रकाना होता, ‘पूर्वी कोणाकडे शिकलात?’

तेथे माझे पेन थांबले, आणि ते का थांबले हे भावाला कळले असावे, कारण तो पान्यांची पेटी आवरायला लागला. मी लिहिले, ‘वडिलांकडे. ते कॅडी होते.’ अक्षर नीट, सुटे, फळ्यावर काढतो तसे काढले.

आबा चौथीपर्यंत शिकलेले. इंग्रजी अक्षरे त्यांना वाचता येत नाहीत, मराठी येते. त्यांनी खिशातून चष्मा काढला, कार्ड हातात घेऊन लांब धरले आणि सावकाश वाचले.

‘आगेवाला पण लिही,’ ते म्हणाले. ‘ते आधीचं.’